संगणकीय खेळांतील पोत-विकृती : स्वरूप व निदान

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुका कोसा वस्त्रासाठी ओळखला जातो. अशा बारीक विणीचे चित्र संगणकीय खेळातील पृष्ठभागावर पोत म्हणून चढविल्यास ते जवळून स्वच्छ दिसते. दुरून मात्र त्यावर लहरी उमटतात. पोताचे अनेक बिंदू पडद्यावरील एकाच बिंदूत सामावल्याने हा दोष उद्भवतो. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या मिपमॅप पद्धतीत पोताच्या क्रमाने लहान होणाऱ्या प्रती वापरून तो कमी केला जातो. तिरपा पृष्ठभाग धूसर दिसल्यास ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग वाढवावे. रंगीत चौकोन एकाच खेळात दिसल्यास त्याच्या फायली तपासाव्यात. सर्वच खेळांत दिसल्यास प्रथम ड्रायव्हर व नंतर ग्राफिक्स कार्डाचे तापमान तपासावे. सारांश, दोषाचे स्वरूप ओळखल्यावाचून महागडे कार्ड बदलणे व्यर्थ ठरू शकते.