मिडी एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेताय? आधी विकणार काय ते ठरवा



"कराओके ट्रॅक बनवायचे आहेत, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न नेहमी येतो. माझा उलटा प्रश्न असतो: गिऱ्हाईक कोण? उत्तर त्यावरच ठरतं.

आधी एक गोष्ट पक्की करा. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, सूचना असतात: कोणता स्वर, कधी, किती जोरात, किती वेळ. म्हणून फाइल अगदी लहान असते आणि पट्टी, लय, वाद्य सगळं बदलता येतं. आवाज देतं ते तुमचं सॉफ्टवेअर. तीच फाइल एकीकडे खेळण्यासारखी वाजते, दुसरीकडे भारदस्त.

आता निवड:

१) कीबोर्ड क्लाससाठी नोटेशन छापून द्यायचंय? म्यूझस्कोर घ्या. मोफत आहे, मिडी उघडून थेट स्वरलिपी दाखवतं.

२) बीट टाकून रिमिक्स करायचंय? एलएमएमएस मोफत आहे. पण गायकाचा आवाज रेकॉर्ड करायला ते सोयीचं नाही.

३) मिडी आणि गायकाचा आवाज एकत्र हवा? रीपर बघा. ६० दिवस वापरून पाहता येतं. छोट्या व्यवसायासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. घेताना साइटवर आजचा दर बघा. यात तयार वाद्यं फारशी नाहीत. त्यासाठी साउंडफॉन्ट किंवा प्लगइन जोडावे लागतात. मोफत मिळाले, तरी त्यांचा परवाना वाचूनच व्यवसायात वापरा.

पैसे भरण्याआधी एक परीक्षा घ्या. काळी एकमधली फाइल काळी दोनमध्ये न्या, म्हणजे दोन स्वर वर. जनरल मिडीत ड्रम १० नंबरच्या चॅनलवर असतात आणि तिथे प्रत्येक नंबर म्हणजे वेगळं वाद्य: ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर. ड्रमही दोनने सरकले, तर किकच्या जागी स्नेअर वाजेल! म्हणून १० नंबर वगळून बाकीचे चॅनल सरकवणं तुम्हाला सहज जमतंय का, ते पाहा. मग लय कमी करा आणि डब्ल्यूएव्ही फाइल काढा. या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात जमल्या, तर ते सॉफ्टवेअर तुमचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सॉफ्टवेअरचं बिल तुमच्या नावावर आहे म्हणून गाणं तुमचं होत नाही. चित्रपटगीताची मिडी तुम्ही स्वतः बनवली, तरी चालीचे आणि शब्दांचे हक्क मूळ मालकांकडेच राहतात. भारतात हे हक्क संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतात. परवानगीशिवाय ट्रॅक विकला, तर कमाईपेक्षा नोटीस महाग पडेल. सुरुवात स्वतःच्या चालींनी किंवा खरोखर पारंपरिक लोकगीतांनी करा. क्लासचे सराव-ट्रॅक, स्थानिक कलाकारांच्या नव्या गाण्यांची संगीतजुळणी, इथेही काम आहे.

आधी मोफत सॉफ्टवेअरवर तीन नमुने बनवा आणि तीन गिऱ्हाइकांना ऐकवा. कोणी पैसे द्यायला तयार झालं, की मगच खिशात हात घाला.