कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिकऐवजी ओवा-हळद चालते का?

ब्रॉयलर कोंबडी इंजेक्शन देऊन फुगवतात, असं तुम्ही नक्की ऐकलं असेल. ते खरं नाही. हजारो पिल्लांना एकेक करून इंजेक्शन देणं कोणालाच परवडणार नाही. हा पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. तेव्हा चौकशी करायचीच असेल तर खाद्याची करा: त्यात अँटिबायोटिक मिसळलं होतं का?

1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लक्षात आलं की खाद्यात अगदी थोडं अँटिबायोटिक घातलं, तर निरोगी पिल्लंही लवकर वाढतात. आतड्यातले काही जंतू कमी होतात आणि खाद्य अंगी लागतं. पण रोजच्या या लहान डोसाने सगळे जंतू मरत नाहीत. कमकुवत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिढी वाढते. मग ते कच्च्या मांसातून, शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांवरून, शेतात टाकलेल्या कोंबडीखतातून आणि पाण्यातून माणसांपर्यंत पोचतात.

मांसात उरलेला औषधाचा अंश आणि मांसावरचे प्रतिरोधक जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध दिल्यावर ठरावीक दिवस थांबून मग पक्षी विकले, तर अंशाचा प्रश्न बराचसा सुटतो. जंतूंचा मात्र तेवढ्याने सुटत नाही, आणि डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचं महत्त्व जास्त का?

इथल्या कित्येक गावांतून मोठं रुग्णालय तासन्‌तास दूर आहे, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाटच बंद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवलं की गावातल्याच प्रशिक्षित माणसांच्या हाती साधी औषधं दिली तर बाळं वाचतात. लहान मुलांच्या न्यूमोनियावर को-ट्रायमोक्साझोल देण्याचा त्यांचा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 1999 चा अभ्यास नवजात बाळांच्या घरीच होणाऱ्या देखभालीचा होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना आरोग्यदूत को-ट्रायमोक्साझोल आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. देखभाल आणि ही औषधं मिळून नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटलं.

ही औषधं स्वस्त, जुनी आणि खेड्यात देता येण्याजोगी. त्यांना जंतू दाद देईनासे झाले तर पुढचं औषध महाग असतं आणि बहुतेक वेळा सलाइनमधून, रुग्णालयातच द्यावं लागतं. नागपूरच्या रुग्णाला ते कदाचित मिळेल. भामरागडच्या बाळाचं काय?

कोलिस्टिनचंही तसंच. अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर आपण हे औषध काढतो, आणि तेच कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी त्याचं उत्पादन आणि विक्री बंद केली. (सर्दीसाठी अँटिबायोटिक मागणारे रुग्ण, देणारे डॉक्टर आणि चिठ्ठीशिवाय विकणारी मेडिकल दुकानं यांचाही यात वाटा आहे. सगळा दोष कोंबडीवर ढकलू नये.)

मग वनस्पती काय करतात?

ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लसणात अ‍ॅलिसिन, हळदीत कर्क्युमिन. यांतले काही घटक जंतूंच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात, काही पाचकरस वाढवतात, काही आतड्याची सूज कमी करतात. ब्रॉयलरवर यांचे प्रयोग जगभर झाले आहेत. काही ठिकाणी वाढ अँटिबायोटिकच्या बरोबरीने झाली, काही ठिकाणी फरकच दिसला नाही. असं होणारच, कारण ओव्याच्या प्रत्येक पोत्यात थायमॉल सारखं नसतं. मात्राही जपून ठरवावी लागते: चूर्ण किलोमागे काही ग्रॅम, तर काढलेलं तेल किलोमागे मिलिग्रॅममध्ये.

आपल्या जंगलात हिरडा-बेहडा मुबलक आहे, म्हणून टोपलीभर कुटून घालावा असं कोणाला वाटेल. तसं करू नका. त्यातलं टॅनिन जास्त झालं तर खाद्यातली प्रथिनं पचत नाहीत आणि पक्षी खुरटतो. कडुलिंबाचा पाला जास्त झाला तर कडवटपणामुळे पक्षी खाणंच कमी करतो. साठवणीत बुरशी लागलेलं चूर्ण तर औषध नव्हे, विषच.

डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिकं थांबवली. मरतूक वाढली नाही, खाद्य मात्र किंचित जास्त लागलं. युरोपीय संघाने 2006 पासून ती पूर्ण बंद केली. माझ्या मते ओवा-हळदीकडे चांगल्या व्यवस्थापनाची जोड म्हणून पाहावं. खाली अंथरलेला धानाचा तूस पावसाळ्यात ओला राहत असेल, पाण्याची भांडी शेवाळलेली असतील आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात शेडमध्ये हवा खेळत नसेल, तर कुठलंही चूर्ण उपयोगी पडणार नाही.

पक्षी आजारी पडले, रक्ताची हगवण दिसली किंवा एकदम मरतूक सुरू झाली, तर काढा पाजत बसू नका. पशुवैद्यकाला बोलवा. खऱ्या आजाराला योग्य अँटिबायोटिक पूर्ण मात्रेत द्यायला कोणाचीच हरकत नाही. त्यानंतर किती दिवस पक्षी विकायचे नाहीत, हेही त्यांनाच विचारा. कंपनीच्या करारावर पक्षी पाळत असाल तर खाद्य कंपनीचंच येतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचा आणि त्यात अँटिबायोटिक आहे का, हे सुपरवायझरला स्पष्ट विचारा.

आणि तुम्ही फक्त खाणारे असाल तर? कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. त्याची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. हात साबणाने धुवा. हाडाजवळचा गुलाबीपणा जाऊन रस स्वच्छ येईपर्यंत शिजवा. गावरान कोंबडीलाही हेच लागू आहे, कारण जंतू तिच्या अंगावरही असतात.