तुमच्या दुकानाची पहिली पायरी किती इंचाची आहे?



दुकान टाकायचं म्हटलं की आपण काय काय मोजतो? गाळ्याचं भाडं, डिपॉझिट, फर्निचर, पहिल्या मालाचं भांडवल, बोर्डाची साईज. एक माप मात्र सहसा कोणी घेत नाही. रस्त्यापासून दुकानाच्या फरशीपर्यंतची उंची!

आपल्या मूर्तिजापूरसारख्या गावात समोर नाली असते आणि पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून ओटा उंच घेतात. मग कुठे एक पायरी, कुठे तीन. आपण सवयीने टुणकन चढून जातो. पण व्हीलचेअरवर असलेल्या माणसासाठी सहा इंचाची एक पायरी म्हणजे बंद शटर.

हा दानधर्माचा नाही, गल्ल्याचा विषय आहे

तीनचाकी स्कूटरवर आलेला ग्राहक पाहा. तो रस्त्यावरूनच आवाज देतो, "भाऊ, एक साबण अन् एक किलो साखर द्या." पोरगा पिशवी नेऊन देतो, पैसे घेतो. आपल्याला वाटतं सेवा झाली. धंद्याच्या नजरेने बघितलं तर त्याने तुमचा एकही रॅक पाहिला नाही. नवीन माल, ऑफर, काउंटरवरची बरणी, काहीच नाही. रस्त्यावरून मागणारा ग्राहक यादीतलंच घेतो. कापड, चप्पल, मोबाईल असा पारखून घ्यायचा माल असेल तर तो येतच नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे दर शंभरात अडीचपेक्षा जास्त. त्यांच्यासोबत घरची माणसंही खरेदीला येतात, आणि सगळ्यांना जमेल त्याच दुकानात जातात. त्यात गुडघेदुखीवाली आजी, गरोदर ताई, कडेवर लेकरू घेतलेली आई मिळवा. मालाची पेटी आत नेणारा हमाल तर रोजचाच.

कायदा दुकानालाही लागू आहे

"हे सरकारी ऑफिससाठी असते" असं बरेच जण म्हणतात. तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खाजगी इमारतीही येतात, व्यापारी वापराच्या सुद्धा. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, बंधनकारक किमान नियम हवेत. तेव्हा नवीन गाळा बांधत असाल तर नकाशातच रॅम्प दाखवा. नंतर तोडफोड करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

"उचलून घेऊ ना" ही सोय नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांचं लग्न नोंदणी पद्धतीने होतं. खारचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या नवरीला स्वतःच्या लग्नासाठी उचलून वर न्यावं लागलं. त्यांनी ते जाहीरपणे मांडल्यावर राज्यभर चर्चा झाली.

आपल्या दुकानातही पोरं मनापासून म्हणतात, "काका, उचलून घेतो ना!" भावना चांगली आहे. पण चार लोकांदेखत परक्या हातांनी उचललं जाणं कोणाला आवडेल? पडण्याची भीती वेगळीच. असा ग्राहक एकदा येईल, पुन्हा येणार नाही.

आता टेप घ्या

सूत्र सोपं आहे: एक इंच उंचीला कमीत कमी एक फूट रॅम्प. यालाच १:१२ चा उतार म्हणतात. पायरी ६ इंच असेल तर रॅम्प ६ फूट. ओटा एक फुटापेक्षा उंच असेल तर उतार आणखी सौम्य हवा, १:१५ किंवा १:२०.

गवंड्याला नुसतं "रॅम्प टाकून दे" म्हणू नका. तो मोटरसायकल चढेल असा तीन फुटांचा उभा घसरा करून देईल. त्यावर व्हीलचेअर मागे उलटते. त्याला ही मापं लिहून द्या:

१. रॅम्पची रुंदी: १२०० मिलीमीटर, म्हणजे साधारण चार फूट.
२. दरवाजा: ९०० मिलीमीटर मोकळी जागा. उंबरठा नकोच, असलाच तर १२ मिलीमीटरच्या आत.
३. वर आणि खाली सपाट जागा: व्हीलचेअर वळायला साधारण पाच फूट बाय पाच फूट लागते.
४. फरशी: चकचकीत ग्रॅनाइट नको. पावसात न घसरणारी खरबरीत फरशी घ्या.
५. कठडा: दोन्ही बाजूंनी धरायला पाईप, आणि चाक बाहेर जाऊ नये म्हणून कडेला छोटा कट्टा.
६. काउंटर: एक भाग ७५० ते ८०० मिलीमीटर उंचीचा, म्हणजे बसलेल्या माणसालाही माल दिसेल.

"समोर जागाच नाही" ही अडचण खरी आहे. नालीवर किंवा रस्त्यावर रॅम्प काढला तर अतिक्रमण होते. मग रॅम्प समोर न काढता ओट्याच्या लांबीने आडवा घ्या, किंवा दाराजवळची फरशी कापून उतार दुकानाच्या आत घ्या. शेजारचे दोन-तीन गाळेवाले मिळून एकच सामायिक रॅम्पही करता येतो, खर्च वाटला जातो. भाड्याचा गाळा असेल आणि पायरी छोटी असेल तर घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प मिळतो. मालकाशी करार करतानाच रॅम्पची परवानगी लिहून घ्या.

बिनखर्चाच्या गोष्टी

- दारातले स्टँड, पोती, लटकवलेला माल बाजूला घ्या. दृष्टिहीन ग्राहकाला तो थेट डोक्याला लागतो.
- रॅम्पसमोर मोटरसायकल लागू देऊ नका, तुमची स्वतःची सुद्धा.
- दृष्टिहीन ग्राहकाला भाव आणि परत दिलेल्या नोटा तोंडाने सांगा. साउंडबॉक्सचा आवाज चालू ठेवा.
- ऐकू न येणाऱ्या ग्राहकाला कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवा.
- बोलायचं ते ग्राहकाशी. सोबत आलेल्या माणसाला "यांना काय पाहिजे?" असं विचारू नका.

गाव बदलते आहे, दुकान?

२२ मे २०२५ ला देशातल्या १०३ अमृत भारत स्टेशनांचं उद्घाटन झालं. त्यात आपलं मूर्तिजापूर जंक्शनही होतं. दिव्यांगांसाठीच्या सोयी हा त्या योजनेचाच भाग आहे. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस पुढे बाजारातच येणार. तिथून पुढची जबाबदारी आपली.

आणि हा तालुका गाडगेबाबांचा आहे. त्यांचं बालपण इथल्याच दापुऱ्यात मामाच्या घरी गेलं. स्वतःसाठी झोपडी न बांधता त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांच्या दशसूत्रीत अंध-पंगू माणसाची काळजी आहे. बाबांचा फोटो गल्ल्यावर लावणाऱ्या दुकानाचं दार सगळ्यांसाठी उघडं असायला नको का?

या आठवड्याचं होमवर्क: पायरीची उंची आणि दाराची रुंदी मोजा, वहीत लिहा. मग तुमच्या ओळखीच्या एखाद्या दिव्यांग व्यक्तीला दुकानात बोलवा आणि विचारा, "तुम्हाला कुठं अडते?" ते जे सांगतील ते आधी दुरुस्त करा. बोर्डाची लाईट नंतर बदलता येईल.