खाजगी परिचर्या महाविद्यालयात प्रवेश : शुल्क भरण्यापूर्वी काय पाहावे?

बारावीचे निकाल जाहीर झाले की वृत्तपत्रांच्या पानांवर आणि बसस्थानकांच्या भिंतींवर नर्सिंग महाविद्यालयांच्या जाहिराती झळकू लागतात. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’, ‘परदेशात संधी’, ‘थेट प्रवेश’ ही वाक्ये त्यांत हटकून आढळतात. शासकीय संस्थांमधील जागा मर्यादित असल्याने अनेक कुटुंबांची पावले या खाजगी संस्थांकडे वळतात. देशातील परिचर्या शिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी बहुसंख्य संस्था आज खाजगी क्षेत्रातच आहेत. त्यांपैकी काही संस्था मोठ्या रुग्णालयांनी स्वतः चालविलेल्या असून तेथील शिक्षणाचा दर्जा उत्तम आहे. काही संस्था मात्र इमारत आणि फलक यांपलीकडे विद्यार्थ्यांना फारसे काही देत नाहीत. हा भेद प्रवेशापूर्वीच ओळखणे आवश्यक आहे. येथे प्रश्न केवळ पैशांचा नसून विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील तीन-चार वर्षांचा आणि पुढे त्यांच्या हाती सोपविल्या जाणाऱ्या रुग्णांचाही आहे.

कायद्याच्या दृष्टीने नफा

भारतात कोणतेही महाविद्यालय ‘नफ्यासाठी चालविलेले’ अशी स्वतःची ओळख सांगत नाही. बहुतेक संस्थांची नोंदणी सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी म्हणून झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान प्रकरणात दिलेल्या निकालानुसार खाजगी विनाअनुदानित संस्थेला आपले शुल्क ठरविण्याची मोकळीक आहे आणि संस्थेच्या विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्यासही मुभा आहे. नफेखोरी करण्यास आणि प्रवेशासाठी देणगी घेण्यास मात्र न्यायालयाने मनाई केली आहे. महाराष्ट्रात अशा देणगीवर बंदी घालणारा कायदा १९८७ पासून अस्तित्वात आहे.

यामुळे संस्थेच्या नोंदणीवरून तिचा हेतू कळत नाही. तो कळतो तिच्या व्यवहारावरून. शुल्काच्या पावत्या मिळतात का, ‘विकास निधी’ वा ‘इतर खर्च’ या नावाखाली रोख रक्कम मागितली जाते का, आणि जमा झालेला पैसा शिक्षकांवर व रुग्णालयावर खर्च होतो का, हे पाहावे लागते.

मान्यता कोणाची?

परिचर्या शिक्षणात प्रामुख्याने तीन अभ्यासक्रम आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. यांचा दर्जा देशभर समान राहावा यासाठी १९४७ च्या कायद्यान्वये भारतीय परिचर्या परिषदेची स्थापना करण्यात आली. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत केला असून परिषदेच्या जागी आयोग स्थापन करण्याची तरतूद त्यात आहे.

प्रत्यक्ष काम करण्याचा अधिकार मात्र राज्य परिषदेकडील नोंदणीतून मिळतो. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही, शासकीय भरतीत अर्ज ग्राह्य धरला जात नाही आणि परदेशात जातानाही पहिली पडताळणी याच नोंदणीची होते. त्यामुळे पालकांनी संस्थेला विचारावयाचा पहिला प्रश्न हा की, येथून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची नोंदणी राज्य परिषदेकडे झाली आहे काय?

बी.एस्सी. नर्सिंगसाठी महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असणे आवश्यक असते. महाराष्ट्रात हे विद्यापीठ म्हणजे नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ होय. एएनएम व जीएनएम यांच्या परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. संस्थेच्या भिंतीवरील प्रमाणपत्राची छायाप्रत पुरेशी मानू नये. परिषद, विद्यापीठ आणि मंडळ यांच्या याद्यांमध्ये संस्थेचे नाव, मंजूर जागांची संख्या आणि शैक्षणिक वर्ष स्वतः तपासावे. एखाद्या संस्थेला जीएनएमची परवानगी असते, पण ती बी.एस्सी.चे प्रवेशही देऊ करते. मंजूर जागांपेक्षा अधिक प्रवेश दिले गेल्यास जादा विद्यार्थ्यांची नावे परीक्षेच्या यादीत येत नाहीत.

‘एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा’ या नावाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांबाबत विशेष सावध राहावे. रुग्ण साहाय्यक म्हणून काम करण्यासाठी असलेले अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आपापल्या जागी उपयुक्त आहेत. मात्र त्यांतून परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही.

रुग्ण कोठे आहेत?

मान्यतेची खात्री झाल्यावरही खरी कसोटी उरते ती रुग्णालयाची. परिचर्या हे हातांनी शिकण्याचे शास्त्र आहे. नाडी व रक्तदाब मोजणे, शिरेत सुई लावणे, जखमेची मलमपट्टी करणे, प्रसूतीच्या वेळी आई व बाळाकडे लक्ष देणे, औषधाची मात्रा पडताळून पाहणे ही कामे रुग्णाच्या खाटेजवळच शिकता येतात. म्हणूनच परिषदेच्या निकषांत दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण सांगितले आहे.

संस्थेला भेट देताना प्रयोगशाळेतील चकचकीत पुतळ्यांपेक्षा या गोष्टींची चौकशी करणे अधिक मोलाचे ठरते. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय? त्यात किती खाटा आहेत आणि एरवीच्या दिवशी त्यांपैकी किती भरलेल्या असतात? रुग्णालय संलग्न असेल तर ते किती अंतरावर आहे आणि विद्यार्थ्यांना तेथे कोण नेते? त्याच रुग्णालयात आणखी किती महाविद्यालयांचे विद्यार्थी येतात? प्रसूती विभाग, बालरोग विभाग आणि मानसोपचार विभाग यांतील अनुभव कोठे मिळतो? तपासणीच्या दिवसापुरते रुग्ण आणि शिक्षक उभे करणे अशक्य नसते. त्यामुळे शक्य असल्यास पूर्वसूचना न देता, कामकाजाच्या दिवशी सकाळी जावे आणि दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी कार्यालयाबाहेर बोलावे. ‘मागच्या आठवड्यात वॉर्डात काय केले?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून बरेच काही कळते.

‘उपस्थितीची सक्ती नाही, केवळ परीक्षेला या’ असे सांगणारी संस्था विद्यार्थ्याची सोय पाहत नसते, ती स्वतःचा खर्च वाचवत असते. अशा पदवीधराच्या हाती पहिल्या नोकरीत रात्रपाळीचा अख्खा वॉर्ड येतो, तेव्हा तिच्या उणिवेची किंमत तिच्यासह रुग्णांनाही मोजावी लागते.

मध्य प्रदेशातील धडा

मान्यता कागदावर असूनही काय घडू शकते, याचे उदाहरण मध्य प्रदेशात दिसून आले. तेथील अनेक खाजगी परिचर्या महाविद्यालयांना पुरेशा सुविधांविना मान्यता दिल्याचा आक्षेप घेणारी जनहित याचिका उच्च न्यायालयात दाखल झाली. न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ च्या प्रारंभी सादर झालेल्या अहवालानुसार १६९ महाविद्यालये योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अपात्र ठरली. त्यानंतर मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून या विभागाने तपासात सहभागी असलेल्या आपल्याच अधिकाऱ्याला अटक केली. योग्य ठरलेल्या महाविद्यालयांची फेरतपासणी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

या सर्व काळात विद्यार्थ्यांच्या परीक्षा दीर्घकाळ रखडल्या. शुल्क भरलेले होते, वसतिगृहाचा खर्च चालू होता, मात्र वर्ष पुढे सरकत नव्हते. इंदूर, भोपाळ, जबलपूर येथील मराठी कुटुंबांसाठी हा विषय घराजवळचा आहे आणि अन्य राज्यांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठीही त्यातील बोध तोच आहे. यादीतील नाव ही पहिली पायरी आहे. प्रत्यक्ष पाहणीला तो पर्याय होऊ शकत नाही.

शेजारच्या राज्यात प्रवेश घेणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार राज्याचा की भारतीय परिचर्या परिषदेचा, हा वाद कर्नाटकात उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा परिस्थितीत, शिक्षण पूर्ण झाल्यावर आपल्या राज्यात नोंदणी हस्तांतरित करण्यास कोणती कागदपत्रे लागतील, याची चौकशी आपल्या राज्याच्या परिषदेकडे प्रवेशापूर्वीच करणे हिताचे ठरते.

खर्चाचा हिशेब

जाहिरातीत दिसणारे शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत असू शकते. वसतिगृह, भोजन, गणवेश, पुस्तके, रुग्णालयापर्यंतचा प्रवास, परीक्षा व नोंदणी शुल्क या सर्व बाबी पूर्ण अभ्यासक्रमासाठी लेखी मागाव्यात. महाराष्ट्रातील खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. संस्थेने सांगितलेली रक्कम मंजूर शुल्काशी ताडून पाहावी.

समजा, चार वर्षांचा एकूण खर्च चार लाख रुपये असून तो सर्व कर्जातून भागविला. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत परतफेड करावयाची झाल्यास दरमहा सुमारे ६,६०० रुपयांचा हप्ता येतो. शिक्षणकाळातील व्याज साठत गेल्यास तो आणखी वाढतो. आता वेतन पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. ही शिफारस लागू करणे राज्यांवर सोपविण्यात आले. वेतन २०,००० रुपये असले तरी त्याचा तिसरा हिस्सा हप्त्यात जाईल. ते १५,००० असल्यास हा वाटा ४४ टक्क्यांवर पोहोचतो. म्हणून ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या संस्थेला मागील वर्षीचे विद्यार्थी कोठे व किती वेतनावर रुजू झाले, हे विचारावे.

प्रवेशाचा मार्गही खर्चावर परिणाम करतो. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही. दलालाच्या सांगण्यावरून घाईने घेतलेला ‘थेट प्रवेश’ अशा रीतीने दुहेरी महाग पडू शकतो.

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत घ्यावीत. ती अडकवून ठेवू नयेत, अशी अधिसूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढली आहे. सेवेचे बंधपत्र लिहून घेतले जात असल्यास त्याची मुदत, वेतन आणि मोडल्यास द्यावी लागणारी रक्कम वाचूनच स्वाक्षरी करावी.

थांबणे हाही निर्णय

चांगले खाजगी महाविद्यालय मिळत असेल तर ते केवळ खाजगी आहे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. मात्र मान्यता संशयास्पद, रुग्णालय नावापुरते आणि पैसा कर्जाचा अशी स्थिती असल्यास माघार घेणे श्रेयस्कर आहे. शासकीय संस्थेतून जीएनएम पूर्ण करून, नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करण्याचा मार्ग खुला असतो. सशस्त्र दलांच्या परिचर्या महाविद्यालयांत मुलींसाठी जागा असतात. नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ परिचर्या महाविद्यालये उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

प्रवेश परीक्षेची पुन्हा तयारी करण्यात एक वर्ष गेले तर ते भरून काढता येते. नोंदणी न होणाऱ्या पदवीत गेलेली चार वर्षे आणि त्यासाठी गहाण पडलेले शेत परत मिळविणे अवघड असते. म्हणून शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी एक दिवस मोकळा काढावा, परिषदेची यादी पाहावी आणि त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयातील वॉर्डातून एक फेरी मारून यावी.