घरी येतं, कॅमेऱ्यासमोर का विसरतं?

मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनसाठी आलेली मुलं-मुली हातात कागद धरून संवाद पुटपुटताना दिसतात. नाव पुकारलं जातं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नाव, वय, उंची सांगून होते आणि आदल्या रात्री घडाघडा म्हटलेला संवाद तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच दगा देतो. बाहेर आल्यावर बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, ‘घरी तर छान येत होतं.’

ही सबब नाही. घरी ते खरोखरच येत असतं. प्रश्न पाठांतर किती वेळ केलं हा नसून कोणत्या पद्धतीनं केलं, हा आहे.

शरीरात काय घडतं?

कुणीतरी आपल्याला जोखतंय हे जाणवताच मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात मिसळतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, श्वास उथळ होतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं. ताण सुरू झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी त्याचा जोर जाणवतो. आठवणींचं काम पाहणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग या कॉर्टिसोलला संवेदनशील असतो. अशा वेळी पाठ केलेला मजकूर पुसला जात नाही, फक्त हाती लागत नाही. म्हणून तर घरी परतताना रिक्षात बसलं की तोच संवाद अक्षरशः आठवतो.

वाचू नका, आठवा

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२० जणांना काही शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, तर उरलेल्यांनी न पाहता आठवून काढण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काही जणांना ऐनवेळी भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं, तेही परीक्षक आणि कॅमेऱ्यासमोर. म्हणजे जवळजवळ ऑडिशनच! नुसतं पाहून शिकलेल्यांची स्मरणशक्ती या ताणाखाली ढासळली. आठवण्याचा सराव केलेले मात्र ताण नसलेल्या आपल्या सोबत्यांच्या बरोबरीनं राहिले.

हा प्रयोग नाटकातल्या संवादांवर झालेला नव्हता, हे खरं. पण त्यातून घेण्याजोगा धडा सोपा आहे. कागद दोन-तीनदा नीट वाचा आणि उलटा ठेवा. आता मोठ्यानं म्हणा. अडलात तर लगेच कागदाकडे धावू नका, थोडं डोकं खाजवा, मगच पाहा. कागद पाहून वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण ती निव्वळ ओळख असते. लग्नात भेटलेल्या पाहुण्यांचा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र आठवत नाही, तसंच हे.

शब्दांआधी हेतू

मानसशास्त्रज्ञ हेल्गा नॉइस आणि त्यांचे नट-दिग्दर्शक पती टोनी नॉइस यांनी अनेक वर्षं नटांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास केला. अनुभवी नट सुरुवातीला घोकंपट्टी करत नाहीत, असं त्यांना आढळलं. हे पात्र आत्ता हे का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे ते आधी शोधतात. समजूत घालणं, टाळणं, डिवचणं असे हेतूंचे तुकडे पडले की शब्द त्यांच्यामागून येतात. हालचालीशी जोडलेली वाक्यं अधिक टिकतात, असंही त्यांना दिसलं. त्यामुळे पलंगावर लोळत पाठ करण्यापेक्षा उभं राहून, चालत-वावरत पाठ करणं चांगलं.

यात अभिनयाचाही फायदा आहे. आपलं लक्ष मर्यादित असतं. ते ‘पुढचं वाक्य काय?’ यातच अडकलं, तर समोरच्याचं ऐकणं थांबतं आणि चेहरा कोरा पडतो. शब्द पक्के असतील तर लक्ष मोकळं राहतं आणि प्रतिक्रिया खरी उमटते.

तयारी कशी कराल?

• संवाद हातात येताच पहिला सराव करा. एका बैठकीत तीन तास घालवण्यापेक्षा दोन दिवसांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका बऱ्या.

• जागा बदला. स्वयंपाकघर, गच्ची, जिना अशा ठिकाणी म्हणून पाहा.

• दोन-तीन मित्रांना समोर बसवा, मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि एकाच दमात करून दाखवा.

• आदल्या रात्री जागू नका. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो.

• पाळीची वाट पाहताना श्वास हळू सोडा. घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ दिला की हृदयाची गती मंदावते.

• धडधड दाबू नका. ‘घाबरायचं नाही’ असं बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं स्वतःला मोठ्यानं सांगणाऱ्यांचं गाणं आणि भाषण सरस झाल्याचं हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात दिसलं होतं.

गोळीचा मोह नको

धडधड आणि थरथर थांबवण्यासाठी काही जण मित्राच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात. दमा असणाऱ्यांना ती धोकादायक ठरू शकते. रक्तदाब किंवा नाडीची गती मुळातच कमी असलेल्यांनाही तिचा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय ती घेऊ नये.

थोडी भीती प्रत्येकालाच वाटते. पण महिनोन्‌महिने ऑडिशनच्या विचारानंच झोप उडत असेल, किंवा भीतीपोटी संधी टाळल्या जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत.

निवड होणं न होणं हे उंचीपासून आवाजापर्यंत आणि निर्मात्याच्या गरजेपर्यंत अनेक गोष्टींवर ठरतं. त्यातलं बरंचसं आपल्या हातात नसतं. आज संध्याकाळी कागद उलटा ठेवून बसणं मात्र नक्कीच असतं.