बी चार सेंटिमीटर खोल, कंबर ताठ

जून लागला की कळंब तालुक्यात सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागतात. येरमाळा असो, शिराढोण असो की मांजरेच्या काठची भारी काळी रानं असोत, खरिपाचा मोठा भाग आता सोयाबीनचा आहे. पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीत एकच विचारणा असते, ‘तुमच्याकडं किती झाला?’ पाऊस किती झाला हे सगळेच विचारतात. बी किती खोल पडले, हे मात्र फार थोडे विचारतात. पेरणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतो, ‘बाई, कंबर कधीपासून दुखते?’ बियाची खोली आणि बाईची कंबर यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो जोडणारे साधन आता अनेक गावांत दिसू लागले आहे. त्याचे नाव टोकण यंत्र.

हे साधन समजून घेण्यासाठी थोडे दूर, गोल्फच्या मैदानावर जाऊ. या खेळात पहिला फटका मारताना चेंडू एका छोट्या खुंटीवर ठेवतात. तिला टी म्हणतात. पूर्वी खेळाडू ओल्या वाळूचा ढिगुळा हाताने रचून त्यावर चेंडू ठेवत. ढिगुळा कधी उंच व्हायचा, कधी बुटका. अमेरिकेतील दंतवैद्य डॉ. जॉर्ज ग्रँट यांनी १८९९मध्ये लाकडी खुंटीचे पेटंट घेतले. हार्वर्डमध्ये शिकवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. पुढे १९२०च्या दशकात ही खुंटी बाजारात रुजवली तीही विल्यम लोवेल या दुसऱ्या दंतवैद्याने. पण खुंटी आली तरी ती जमिनीत किती रोवायची हा प्रश्न राहिलाच. काही मिलिमीटरचा फरक पडला की काठी चेंडूला वेगळ्या जागी लागते. म्हणून खुंटी दर वेळी तेवढीच रोवली जावी, यासाठी एक छोटे माप निघाले. त्याला अडसर असतो. अडसर जमिनीला टेकला की खुंटी आणखी खाली जात नाही. अंदाज संपतो, माप सुरू होते.

तिथे चुकले तर एक फटका वाया जातो. इथे चुकले तर हंगाम.

बियाच्या पोटातली शिदोरी

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. हे सारे त्याच्या दोन डाळिंब्यांत साठवलेले असते. रोप जमिनीवर येऊन हिरवे होईपर्यंत त्याला बाहेरून अन्न मिळत नाही. आईने बांधून दिलेल्या शिदोरीवरच प्रवास करायचा असतो. अंकुरण्यासाठी दाणा स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषून घेतो, फुगतो, आणि मग कोवळा देठ कमान करून वर सरकतो. तूर किंवा हरभऱ्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात. सोयाबीनला मात्र दोन्ही डाळिंब्या ओढत वर आणाव्या लागतात. ओझे घेऊन जिना चढण्यासारखे हे काम आहे.

म्हणूनच सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपर्यंतच पेरावे, अशी शिफारस आहे. बी आठ सेंटिमीटर खाली गेले तर शिदोरी वाटेतच संपते. त्यातच जोराचा पाऊस होऊन ऊन पडले की काळ्या रानाच्या माथ्यावर खपली धरते. तिला धडका देताना कमानीचा देठ मोडतो. बी फार वर, सेंटिमीटरभरावर पडले तरी धोका आहेच. वरची माती दोन दिवसांत सुकते. अर्धवट फुगलेला दाणा पुन्हा वाळतो आणि एकदा जागा झालेला अंकुर दुसऱ्यांदा जागा होत नाही. उरलेले पाखरे वेचतात.

२०२०च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यात हजारोंनी तक्रारी झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी मुख्य प्रश्न बियाण्याच्या दर्जाचा होता. पण बी चांगले असूनही खोली चुकली तर उगवण घटते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे, दुसऱ्यांदा खत, दुसऱ्यांदा उसनवारी. ज्या जिल्ह्यात कर्जाच्या ताणाने घरेच्या घरे खचलेली आहेत, तिथे ही केवळ शेतीची बाब राहत नाही. झोप उडते, रक्तदाब वाढतो, मन खचते. ते सगळे शेवटी दवाखान्यापर्यंत येतेच.

वाकण्याचा हिशेब

खोली सारखी राखण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे बोटे. सरकी असो वा भुईमूग, बाया ओळीने वाकून बी टोबतात. बोटाचे एक पेर, दोन पेरे, असे माप असते. अनुभवी हाताची खोली फारशी चुकत नाही. चुकतो तो शरीराचा हिशेब.

समजा, सोयाबीन हाताने टोकायचे आहे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन टोकणींत १० सेंटिमीटर अंतर धरले, तर एका एकरात सुमारे ९० हजार जागा होतात. एवढ्या जागी कुणीतरी वाकलेले असते.

माणूस वाकतो तेव्हा कण्याचे काय होते? शरीराचे निम्म्याहून अधिक वजन कमरेच्या वर असते. ते पुढे झुकले की त्याला तोलून धरण्यासाठी पाठीच्या स्नायूंना कितीतरी जास्त ओढावे लागते आणि सगळा भार मणक्यांमधल्या गादीवर येतो. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी १९९९मध्ये एका निरोगी स्वयंसेवकाच्या मणक्यांमधल्या गादीत दाबमापक बसवून मोजणी केली. सरळ उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता, पुढे वाकल्यावर १.१. म्हणजे दुपटीहून अधिक. त्यातही पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार मणके बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. बराच वेळ ताणलेले अस्थिबंध सैल पडतात आणि उठून उभे राहिल्यावर लगेच पूर्वीसारखे घट्ट होत नाहीत. म्हणून दिवसभर वाकलेल्या बाईची कंबर भरते ती बहुधा संध्याकाळी, पाण्याची घागर उचलताना.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने हा हिशेब न्यायालयात मांडला. तिथल्या शेतांत मजुरांना फूट-दीड फूट दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून विरळणी करावी लागे. लांब दांडा द्या, अशी मागणी झाली तेव्हा मळेवाल्यांचे म्हणणे होते, की जमिनीजवळ असल्याशिवाय काम नेमके होत नाही. डॉक्टरांनी मजुरांच्या पाठींची साक्ष दिली. १९७५मध्ये त्या आखूड कुदळीवर बंदी आली. लांब दांड्यानेही पिके तशीच आली. काम नेमके व्हायचे तर माणसाने वाकलेच पाहिजे, ही समजूत तिथे मोडली.

चोच ठरवते खोली

टोकण यंत्र हेच करते. हाताने ढकलायचे एक चाक, त्याच्या कडेला लोखंडी चोची, मध्ये बियाची पेटी आणि मागे लांब दांडा. चाक फिरते तशी एकेक चोच मातीत घुसते, तिथे उघडते, मोजके दाणे सोडते आणि वर येताना मिटते. मागची छोटी चकती किंवा साखळी भोकावर माती ओढते. पिकाप्रमाणे पेटीतली खाचांची फिरकी बदलता येते. चोचींची संख्या कमी-जास्त केली की दोन टोकणींतील अंतर बदलते. चोच जेवढी लांब तेवढेच बी खाली जाते, कारण पुढे चाक जमिनीला टेकते. गोल्फच्या मापातला अडसर तो हाच.

तिफणीत खोली हाताच्या दाबावर असते, ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात ती चालकाच्या सवडीवर आणि खोली राखणाऱ्या चाकांच्या जुळणीवर. घाईच्या दिवसांत मऊ रानात फण जास्त रुततात. टोकण यंत्र हळू आहे, पण अल्पभूधारकाच्या एक-दोन एकरांसाठी ते परवडते. एकरी ३० किलो बियाणे फोकाट पेरण्यापेक्षा टोकणीत बियाणेही कमी लागते.

मात्र यंत्र हाती आले म्हणून माप आपोआप बरोबर येत नाही. चिकट रानात चोची चिखलाने भरतात, म्हणून वाफसा येऊ द्यावा. भुसभुशीत रानात चाकच रुतते आणि खोली वाढते. त्यावर सोपा उपाय आहे. एका काडीवर तीन आणि पाच सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. पहिले तास झाले की पाच-सहा ठिकाणी माती अलगद बाजूला करून दाणा किती खाली आहे ते या काडीने पाहावे. दाणा दोन खुणांच्या मध्ये असेल तर पुढे जावे, नाही तर जुळणी करावी. रान बदलले की पुन्हा पाहावे. काडीला खर्च नाही आणि वेळ दहा मिनिटांचा.

दांड्याची उंचीही मोजायची

बियाची खोली जमली, तरी आणखी एक उंची बहुतेक ठिकाणी राहून जाते. ती दांड्याची. यंत्र दुकानातून येते तेव्हा दांडा एका मापाचा असतो आणि तो बहुतेकदा उंच पुरुषाला बेताचा असतो. बुटक्या बाईला तोच दांडा खांदे उचलून ढकलावा लागतो, मग मान आणि खांदे धरतात. तो फार खाली असेल तर उंच माणूस पुन्हा वाकतो. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत आणि कोपर वाकवावे. दांड्याची मूठ कोपर आणि कंबर यांच्या दरम्यान यावी. अनेक यंत्रांत दांडा बोल्टने वर-खाली करता येतो. घरात दोघे-तिघे यंत्र चालवत असतील तर प्रत्येकाची जागा रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे दर वेळी अंदाज नको.

या यंत्राने एका एकरात ४५ सेंटिमीटरच्या ओळी घेतल्या तर सुमारे नऊ किलोमीटर चालणे होते. वाकणे वाचले तरी हे कष्टाचेच काम आहे. जूनच्या दमट उन्हात तहान लागण्याआधी पाणी प्यावे, दोघांनी पाळीपाळीने चालवावे आणि पाच-सहा तासांनंतर थोडे थांबून कंबर मागे ताणावी.

बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, म्हणून त्याचा रंग गुलाबी किंवा लाल दिसतो. पेटी भरताना हातमोजे घालावेत. तंबाखू मळण्यापूर्वी आणि भाकरी खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उरलेले बी घरात धान्याजवळ ठेवू नये, खाण्यात तर कधीच वापरू नये.

यंत्र पाऊस आणू शकत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरणी नको, हा नियम यंत्राने बदलत नाही. घरचे बी असेल तर पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तरपेक्षा कमी उगवले तर दोष खोलीचा नसतो. आणखी एक गोष्ट अशी, की हाताने टोबण्याचे काम बायांचे असते, पण यंत्र आले की मूठ बहुधा पुरुषाच्या हातात जाते आणि बाईचा रोज बुडतो. महिला बचत गटांनी असे यंत्र घेऊन गावात भाड्याने चालवले तर कंबरही वाचेल आणि मजुरीही हातची जाणार नाही.

ज्यांची कंबर आधीच दुखते आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. त्यात अंथरूण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहणे चांगले. पण पायात बधिरता किंवा अशक्तपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. पाळी गेलेल्या बाईला किरकोळ पडण्यानंतर पाठ दुखू लागली तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. ‘पेरणी उरकू दे, मग बघू,’ हे वाक्य अशा वेळी महाग पडते. पेरणी घरातले दुसरे कोणीही उरकू शकते.