भेट गुपित, खातं संयुक्त

पासबुकात काय दिसतं?

‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या प्रकारच्या खात्यातून कोणीही एकटा पैसे काढू शकतो. पासबुक मात्र दोघांचं. घाटकोपरच्या एम. जी. रोडवर क्यूआर स्कॅन केला, तर दुकानदाराचं नाव, रक्कम, तारीख नोंदीत येते. भेट गुपित ठेवायची असेल, तर हे पर्याय:

• यूपीआय लाइट (२०२२ पासून): एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, शिल्लक कमाल ५,०००. पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद.
• गिफ्ट कार्ड: कमाल १०,००० रुपये. कार्डखरेदी दिसते, भेटवस्तू नाही.
• स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड: बिल भरल्यावर खात्यात एकच एकत्रित रक्कम.
• रोख: एटीएमची नोंद उरते, दुकानाची नाही. सराफाला २ लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही.